अक्षयनीवी आणि विकास : येरमाळा-तेर परिसराच्या इतिहासातून एक विचार

येरमाळा हे गाव बालाघाटाच्या पठारावर, सोलापूर-धुळे महामार्गालगत वसले आहे. पूर्वी उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२३ पासून धाराशिव हे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात ते मोडते. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेमुळे हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे. यात्रेच्या दिवसांत हजारो माणसे शिवारातील चुनखडीचे खडे वेचतात. या प्रथेचा संबंध परंपरेने देवळाच्या बांधकामाशी जोडला आहे. श्रद्धेचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. प्रत्येकाने एक एक खडा आणावा आणि त्यातून सर्वांची वास्तू उभी राहावी, ही सामूहिक श्रमाची स्मृती मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

येरमाळ्याहून महामार्गाने बीडच्या दिशेने निघाले की काही मैलांवर तेरखेडा लागते. तेरणा नदीचा उगम त्या परिसरात आहे. ही नदी पुढे तेर गावाजवळून वाहत जाऊन मांजरेला मिळते. म्हणजे येरमाळ्याचा परिसर हा नदीच्या माथ्याचा प्रदेश होय. माथ्यावर पडलेले पाणी उताराने खाली निघून जाते आणि खालचा काळा पाषाण फारसे पाणी धरून ठेवीत नाही. अशा भूमीत माणसाने कसे टिकावे, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही होता आणि आजही आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा सामाजिक अंगाने विचार करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

‘शाश्वत’ या शब्दाविषयी

ग्रामपंचायतीच्या फलकापासून विद्यापीठाच्या चर्चासत्रापर्यंत ‘शाश्वत विकास’ हे शब्द आज सर्वत्र आढळतात. त्यांचा आंतरराष्ट्रीय प्रसार १९८७ साली झाला. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने त्या वर्षी आपला अहवाल प्रसिद्ध केला. वर्तमान पिढीने आपल्या गरजा भागविताना भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या सामर्थ्याला बाधा आणू नये, असा त्याचा आशय होता. १९९२ मध्ये रिओ येथील परिषदेत या विचाराला राष्ट्रांची संमती मिळाली आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २०३० पर्यंतची १७ उद्दिष्टे ठरविली. मूळ अहवालात गरजांचा उल्लेख करताना जगातील दरिद्री जनांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम द्यावा, असेही म्हटले होते. हा अर्धा भाग उद्धृत करण्याचा विसर पुष्कळांना पडतो, हे येथे ध्यानी घ्यावे.

पालीच्या अभ्यासकाला या मराठी शब्दयोजनेत एक अडचण जाणवते. ‘शाश्वत’ म्हणजे पालीतील ‘सस्सत’. जे आहे ते सदैव तसेच राहणार, या मताला भगवान बुद्धांनी सस्सतवाद म्हटले आणि मिथ्या दृष्टींत त्याची गणना केली. सर्व काही नष्टच होणार, मागे काहीच उरत नाही, या उच्छेदवादालाही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नाकारले. या दोन टोकांच्या मधून जाणारा मार्ग म्हणजे पटिच्चसमुप्पाद. वस्तू प्रत्ययांवर, म्हणजे कारणांवर आणि आधारांवर, अवलंबून उत्पन्न होते. प्रत्यय असेपर्यंत टिकते. प्रत्यय क्षीण झाले की क्षीण होते.

दीघनिकायातील संगीतिसुत्तात सर्व प्राणिमात्रांना ‘आहारट्ठितिक’ म्हटले आहे, म्हणजे आहाराच्या आधाराने ज्यांची स्थिती आहे असे. आमच्या मते विकासालाही हेच विशेषण लावावे. तळे, विहीर, शेत, शाळा यांपैकी काहीही शाश्वत नाही. ज्याचा आहार चालू आहे ते टिकते. तेव्हा विचारण्याचा प्रश्न असा, की विकासाचा आहार कोण पुरवितो आणि त्यातून पोट कोणाचे भरते? या प्रश्नाचे उत्तर तेरणेच्या खोऱ्यातील इतिहासात शोधता येते.

तगर : एका नगराचे प्रत्यय

तेर म्हणजे प्राचीन तगर, हे अभिज्ञान फ्लीट यांनी १९०१ साली मांडले आणि ते सर्वमान्य झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठण आणि तगर या दोन नगरांचा उल्लेख येतो. तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर असून तेथून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून दुर्गम वाटेने भडोच बंदराकडे जात असे, अशी माहिती त्यात आहे. १९५८ साली चापेकर यांनी तेर येथे उत्खनन केले. पुढे साठच्या दशकातील उत्खननांत विटांनी बांधलेल्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले. गावातील त्रिविक्रम मंदिराची विटांची, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेली वास्तू हेन्री कझन्स यांनी मूळचा बौद्ध चैत्य मानली आणि अनेक अभ्यासकांनी हे मत स्वीकारले आहे. येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या प्राचीन वस्तूंचे शासकीय संग्रहालय आज गावात आहे. तेथील मृण्मूर्ती, मणी आणि सुप्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली म्हणजे या आडवळणाच्या गावाचा एके काळी दूरच्या जगाशी किती निकटचा संबंध होता, याची साक्ष पटते.

स्तूपाच्या विटांपाशी थांबून आम्हांस नेहमी एक विचार सुचतो. मलमलीचा एक तागा भडोचला पोहोचावयाचा तर कापूस पिकविणारा शेतकरी, सूत कातणारी स्त्री, विणकर, रंगारी, गाडीवान आणि व्यापारी अशी साखळी अखंड राहावी लागते. विहार या साखळीच्या आधारावर उभा होता. भिक्खू शेती करीत नव्हते. उपासकाच्या घरात उरलेल्या घासावर त्यांची यात्रा चाले. घरात घास उरत नसेल तर भिक्खूच्या पात्रात तो पडणार नाही, इतके हे गणित सरळ आहे. सातवाहनोत्तर शतकांत दूरदेशीचा व्यापार मंदावला, नगराचे वैभव ओसरले आणि विहाराचे प्रत्यय क्षीण झाले. तगर पुसले गेले असे मात्र नव्हे. शिलाहार राजे पुढे कित्येक शतके ‘तगरपुरवराधीश्वर’ ही बिरुदावली मिरवीत राहिले आणि गोरोबा कुंभारांचे गाव म्हणून तेर वारकरी परंपरेतही नांदले. गाव राहिले; त्याचे आधार बदलले. सस्सत आणि उच्छेद ही दोन्ही मते येथे खोटी ठरतात.

अक्षयनीवी

टिकणे म्हणजे काय, याचा विचार आपल्या पूर्वजांनी हिशेबाच्या भाषेतही केला होता. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील क्रमांक १० च्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा ४२ व्या वर्षाचा लेख आहे. त्याने संघाला लेणे अर्पण केले आणि ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ दिली. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षयनीवी म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव. यांतील २००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असा स्पष्ट निर्बंध लेखात आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. वाचकांनी हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्खूंचे बारा-बारा मिळूनही २४० च होतात. एक कार्षापणही अधिक नाही, एकही उणा नाही. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविला गेला होता.

या लेखातील तीन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. मुद्दल अभंग राखण्याचा नियम आहे. उपभोग कोणी आणि किती घ्यावा, याचे माप ठरलेले आहे. आणि ते कोण्या एका पंथाच्या नव्हे, तर तेथे राहणाऱ्या कोणत्याही भिक्खूसाठी आहे. तिसरी गोष्ट म्हणजे हा व्यवहार गुप्त नाही. तो सभेत वाचला गेला आहे. याच लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. रुग्ण भिक्खूंच्या औषधोपचारासाठी तिने ज्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या त्यांत कुंभार आणि तेली यांच्यासोबत ‘ओदयंत्रिक’, म्हणजे पाण्याची यंत्रे करणारे कारागीर, होते. विहाराचे औषध आणि गावाची पाण्याची विद्या एकाच सूत्रात ओवलेली होती, असे यावरून दिसते.

परंतु अक्षय असे नाव दिल्याने काही अक्षय होत नाही. नाशिकच्याच क्रमांक ३ च्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा २४ व्या वर्षाचा लेख आहे. भिक्खूंना पूर्वी दिलेले काखडी गावचे शेत कसले जात नाही आणि ते गाव वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने भूमी देण्याची आज्ञा त्यात आहे. दानपत्र होते, राजमुद्रा होती, भूमीही होती. गाव वसलेले नव्हते, म्हणून ते सारे निष्फळ झाले. जमीन माणसांमुळे पिकते. विकासाच्या सामाजिक दृष्टीचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांस आपल्या लेखसाहित्यात आढळलेला नाही.

रोहिणीचे पाणी

माणसे वसलेली असली तरी त्यांच्यातील संबंध बिघडले तर काय होते, हे पाली अट्ठकथांतील रोहिणी नदीच्या कथेत पाहावयास मिळते. शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरील या नदीवर एकच बांध होता आणि दोन्हीकडील शेते त्यावर भिजत. जेठ महिन्यात पिके सुकू लागली. पाणी दोघांना पुरणार नाही, म्हणून ते आम्हांलाच द्या, असे दोन्हीकडील शेतमजूर म्हणू लागले. शब्दाने शब्द वाढला आणि वाद पाण्यावरून परस्परांच्या कुळांवर, जन्मावर गेला. पाण्याच्या टंचाईतून जन्माची निंदा उपजते, हे निरीक्षण अट्ठकथाकारांनी सहज नोंदविले आहे. आपल्या समाजाला ते अनुभवाने ठाऊक आहे. शस्त्रे घेऊन उभ्या राहिलेल्या दोन्ही पक्षांना तथागतांनी पाण्याचे मोल विचारले आणि मग माणसाच्या रक्ताचे मोल विचारले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच रोहिणीचा वाद सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. दोन्ही पक्षांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा, अशी सिद्धार्थाची सूचना शाक्य संघाने बहुमताने फेटाळली. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीप्रमाणे धम्माच्या इतिहासाचा आरंभच पाणीवाटपाच्या प्रश्नातून होतो. येरमाळ्यासारख्या अवर्षणग्रस्त प्रदेशातील उपासकाने हे विशेष स्मरणात ठेवावे.

याच विचाराची दुसरी बाजू दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले; त्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, हत्येतून असत्य आणि शेवटी माणसाच्या आयुष्याचाच ऱ्हास, अशी कारणपरंपरा तेथे सांगितली आहे. कूटदन्तसुत्तातील पुरोहित राजाला कर आणि दंड यांऐवजी शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावयास सांगतो. समाजाच्या तळाशी टंचाई ठेवून वरचा मजला टिकत नाही, हा या दोन्ही सुत्तांचा निष्कर्ष होय.

जे टिकले ते सर्वच भले नव्हे

येथे एका भ्रमाचे निराकरण करणे आवश्यक आहे. पर्यावरणाविषयी आस्था बाळगणारे काही विद्वान जुन्या स्वयंपूर्ण खेड्याचे गुणगान करतात. त्या खेड्यात काही वाया जात नसे, प्रत्येकाचे काम ठरलेले असे, निसर्गावर भार पडत नसे, असे ते सांगतात. बारा बलुत्यांची व्यवस्था शतकानुशतके टिकली, ही गोष्ट खरी आहे. परंतु ती कोणाच्या आहारावर टिकली?

महार वतनदाराने गावाची सीमा राखावी, सरकारी निरोप पोहोचवावेत, सारा वाहून न्यावा, मेलेले जनावर ओढावे. रात्र असो, दिवस असो, बोलावणे आले की जावे. तो हजर नसेल तर घरातील दुसऱ्याने जावे. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि खळ्यावरचे मूठभर धान्य. या व्यवस्थेचे मुद्दल म्हणजे माणसाचा देह आणि त्याचा स्वाभिमान. व्याज गावाच्या घरी जात असे. ही अक्षयनीवी उलट्या बाजूने रचलेली होती. नाशिकच्या लेखात मुद्दल राखून व्याज वाटले आहे, वतनात मुद्दलच रोज खाल्ले गेले.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे वतनदार परिषद झाली. त्यानंतर २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तेथे आले. तडवळे आजच्या धाराशिव जिल्ह्यातच, येडशी आणि तेर यांच्या वाटेवर आहे. येरमाळ्याहूनही ते फार दूर नाही. महार आणि मांग या दोन समाजांना गावगाड्याने परस्परांपासून अलग ठेवले होते. त्यांना एका मांडवात आणून वतनाच्या जोखडाचा विचार करावयास लावणारी ती परिषद होती. पुढे १९५८ मध्ये मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करण्याचा कायदा झाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाचा बाबासाहेबांनी जो कठोर समाचार घेतला, त्याच्या पाठीशी हा सर्व अनुभव होता. एखादी संस्था दीर्घकाळ टिकली एवढ्यावरून ती जगण्यास योग्य ठरत नाही. कोणासाठी टिकली आणि कोणाला झिजवून टिकली, हे पाहावे लागते. विकासाच्या विचारात ही कसोटी सोडली, तर ‘शाश्वत’ हा शब्द जुन्या अन्यायाचे नवे नाव होऊन बसेल.

पाणी आणि त्याची वाटणी

जुने खेडे टिकवावयाचे नाही, तर नवे कशावर उभारावयाचे? बाबासाहेबांचे उत्तर पाण्यापासून सुरू होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाण्याचा हक्क बजावला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय त्या हक्काच्या बाजूने लागला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना जलसिंचन आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांचा पाया त्या वेळी घातला गेला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे त्यांनी सांगितले, की पाण्याचा अतिरेक हे संकट समजू नये. पाणी ही संपत्ती आहे आणि ती साठविली पाहिजे. तळ्याचा हक्क आणि खोऱ्याचे नियोजन हे त्यांच्या दृष्टीने एकाच प्रश्नाचे दोन भाग होते. साठवण आणि समान वाटणी यांपैकी एकाला सोडून दुसरे साधत नाही.

मराठवाड्याने याचा अनुभव पुनःपुन्हा घेतला आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर गेले. त्याच वर्षी डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली. कारण दुष्काळातही विहिरीवरची विषमता आटलेली नव्हती. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथील नियम अभ्यासण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असावा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊ नये. आणि उसासारखी अधिक पाणी पिणारी पिके घेऊ नयेत. हे नियम वाचताना आम्हांस उषवदाताच्या लेखाचे स्मरण झाल्याशिवाय राहिले नाही. मुद्दल राखणे, उपभोगाचे माप ठरविणे आणि व्यवहार सर्वांसमोर ठेवणे हीच तीन सूत्रे दोन हजार वर्षांनी नायगावच्या शिवारात पुन्हा अवतरली. त्यांत भूमिहीनाच्या वाट्याची भर पडली, आणि ती भर मोठी आहे.

ही सूत्रे जेथे पाळली गेली नाहीत, तेथे काय झाले हेही आपण पाहिले. मांजरा धरणाच्या लाभक्षेत्रात उसाचे मळे वाढले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. त्या वर्षांत पाऊस कमी पडला होता, हे खरे. परंतु चांगल्या वर्षांतील पाणी कोणाच्या शेतात गेले, याचाही हिशेब मांडावयास हवा. टंचाई ही आकाशातून जेवढी येते, तेवढीच ती वाटणीतूनही येते. हंड्यांच्या रांगेत प्रथम कोण उभे राहते, हे वस्तीवस्तीतून हिंडणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

गायरानाचा प्रश्न

पाण्याप्रमाणेच जमिनीचे. मराठवाड्यातील भूमिहीनांनी १९५३ च्या सुमारास पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. २८ नोव्हेंबर १९९१ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी कसलेल्या गायरान जमिनी भूमिहीनांच्या नावे करण्याची तरतूद केली. ती तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची आहे. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश राज्यांना दिले. त्याच निकालात, शासकीय आदेशान्वये भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल तेथे अपवाद करता येईल, असेही म्हटले आहे.

येथे दोन न्याय्य गोष्टी समोरासमोर येतात. गायरान हे गावाच्या गुरांचे, पक्ष्यांचे आणि भूजलाचे आश्रयस्थान आहे. ते राखले पाहिजे. दुसऱ्या बाजूस, ज्याला शतकानुशतके जमिनीचा मालक होऊ दिले नाही, त्याने माळ फोडून केलेली दोन एकर शेती हेच त्याचे एकमेव साधन आहे. निसर्गाच्या रक्षणाचा भार प्रथम त्याच्याच शिरावर टाकावयाचा आणि माळाच्या पलीकडील बागायतीला हात लावावयाचा नाही, असा विकास समाजाच्या दृष्टीने टिकणारा नव्हे. बाबासाहेबांनी १९४७ मधील ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग करून जमीन जातिभेद न करता कसण्यास द्यावी, जेणेकरून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन असे भेदच उरणार नाहीत, असे सुचविले होते. ती सूचना स्वीकारली गेली नाही. न स्वीकारलेल्या त्या सूचनेची किंमत गायरानावरील झोपडी आजही मोजीत आहे.

उपसंहार

उपरोक्त विवेचनाचा सारांश असा. विकास स्वतःच्या बळावर टिकत नाही. तो प्रत्ययांवर टिकतो. त्या प्रत्ययांत माती, पाणी आणि झाडे यांच्याइतकेच माणसांमधील संबंध महत्त्वाचे आहेत. म्हणून येरमाळ्याच्या किंवा कोणत्याही गावाच्या योजनेला तीन प्रश्न विचारावेत. योजनेत मुद्दल राखले जाते काय? उपभोगाचे माप सर्वांना सारखे आहे काय? हिशेब सभेत वाचला जातो काय?

हे प्रश्न विचारण्याचे काम विहारांनी अंगीकारावे, असे आम्हांस वाटते. पौर्णिमेला उपासक-उपासिका एकत्र येतात. त्या सभेत वंदनेनंतर आपल्या वस्तीतील विहिरीची आणि कूपनलिकेची पातळी, रोजगार हमीच्या कामांची हजेरी, गायरान कसणाऱ्यांची कागदपत्रे आणि ग्रामसभेतील ठराव यांची एका वहीत नोंद करता येईल. संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तात झाडे लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया आणि विहिरी देणारे यांचे पुण्य दिवसरात्र वाढत राहते, असे सांगितले आहे. व्याज वाढावे तसे ते पुण्य वाढते. मात्र त्यासाठी विहिरीत पाणी असावे लागते आणि तिच्या काठावर कोणालाही अडवू नये लागते.

तेरच्या स्तूपाची एक एक वीट कोणी तरी भाजली, कोणी तरी वाहून आणली. येरमाळ्याच्या शिवारात आजही माणसे खडा वेचतात. सामूहिक श्रमाची सवय या मातीत आहे. त्या श्रमातून उभे राहणारे पाणी आणि धान्य सर्वांच्या घरी पोहोचेल, अशी व्यवस्था करणे एवढेच शेष आहे. आणि रोहिणीच्या तीरावर जी सूचना बहुमताने फेटाळली गेली, ती आता तरी मान्य व्हावयास हवी.